अडगळीचं नेटवर्क

सगळं क्रमाने लिहिते. घाई नाही. काम संपलं की काय केलं, किती वाजता केलं आणि कशासाठी केलं हे लिहून ठेवायची मला सवय आहे, आणि त्यावरून घरात माझी भरपूर चेष्टा होते. नवरा म्हणतो, तू पोळीसुद्धा नोंद करून भाजशील. म्हणू दे. तो सहा महिने जहाजावर असतो, तिथे त्याला आयती पोळी मिळते.

माझं नाव हेमाली राऊत. माहेर एडवणचं, बिऱ्हाड पालघरला. कारखाने, दवाखाने, शाळा यांची नेटवर्कं लावून देणं हा माझा धंदा, गेली चौदा वर्षं. भूत, बाधा, दृष्ट असल्या गोष्टींना मी कधी बोट लावलेलं नाही. दिवा लागत नसेल तर वायर तुटलेली असते. वायर तुटलेली नसेल तर मी चुकीच्या ठिकाणी बघतेय. याच्या पलीकडे विचार करायची मला कधी गरज पडली नव्हती.

काम मितेशभाईंचं होतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा कापडाचे रंग बनवायचा कारखाना आहे. बोईसरचा पूल उतरलं की नाकात वास शिरतो, जळका गूळ आणि नेलपॉलिश एकत्र केल्यासारखा, आणि दहा मिनिटांत त्याची सवय होते. कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर, प्रयोगशाळेला लागून, दहा बाय आठची सर्व्हर रूम. खिडकी नाही. आत एका उभ्या कपाटात तीन सर्व्हर. तिघं मिळून एकमेकांचं ओझं वाटून घेतात, आणि त्यांच्या पोटात बावीस आभासी यंत्रं चालतात: हजेरी, गेट, कॅमेरे, प्रयोगशाळेचे निकाल, बॉयलरचं तापमान. आभासी म्हणजे त्यांना स्वतःचं शरीर नाही. एक सर्व्हर बंद पडला तर त्यावरचं यंत्र उठून दुसऱ्यावर जातं, आणि खाली काम करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. फार सुंदर व्यवस्था आहे ती.

नेटवर्क मात्र सगळ्यांचं एकच होतं. बावीस बिऱ्हाडं आणि चूल एक. कुणीही कुणाच्याही भांड्यात हात घालावा.

"पण मॅडम, चालतंय ना?" मितेशभाई म्हणाले होते.

"उद्या प्रयोगशाळेत कुणी घरचा पेन ड्राइव्ह लावला तर तुमचा बॉयलर कुणाच्या हातात जाईल, सांगू?"

काम मला मिळालं.

मी कागदाशिवाय वायरीला हात लावत नाही. तीन आठवडे नुसती आखणी केली. चुली चार मांडायच्या. पहिली सर्व्हरांच्या आपसातल्या बोलण्याची. दुसरी ऑफिसच्या रोजच्या कामाची. तिसरी कारखान्याची, म्हणजे कॅमेरे, दारं, बॉयलर. चौथी चावीची, तिच्यातून बाकीच्या सगळ्यांवर हुकूम चालतो, आणि तिथे माझ्याशिवाय कुणी जायचं नाही. शिवाय अशा कामात एक पाचवी जागा ठेवावीच लागते. केबल लावायची जी भोकं वापरात नाहीत, जी यंत्रं कुणाची ते कळत नाही, ती सगळी तिथे टाकायची. तिथून कुठेच वाट नसते. आत टाकलेलं यंत्र जिवंत असतं, त्याचा दिवा लुकलुकतो, पण त्याचं बोलणं कुणापर्यंत पोचत नाही. मी त्याला अडगळ म्हणते.

लोकांना वाटतं, वेगळं करायचं म्हणजे वेगळ्या वायरी टाकायच्या. तसं नसतं. एकाच कपाटात, एकाच वायरीवर, खांद्याला खांदा लावून दोन यंत्रं असतात, आणि एकाला दुसरं आहे हेच माहीत नसतं. मधे भिंत नसते, नुसता नियम असतो. हे मी मितेशभाईंना दोनदा समजावलं, तरी ते सुताराला फोन करू का म्हणून विचारत होते.

आखणीच्या दुसऱ्या आठवड्यात मी सगळी यंत्रं मोजली. बावीस आभासी धरून हाताने मोजली तेव्हा एकसष्ट. नेटवर्कवर विचारलं तेव्हा बासष्टांनी उत्तर दिलं.

असं होतं. कुणीतरी कपाटामागे जुना प्रिंटर ठेवून विसरलेलं असतं. मी त्या बासष्टाव्याचा नंबर काढला. प्रत्येक नेटवर्क कार्डाला जन्माचा एक नंबर असतो, गाडीच्या चॅसिस नंबरासारखा; एकाचा दुसऱ्याला नसतो. या बासष्टाव्याचा नंबर माझ्याच लॅपटॉपचा होता.

म्हणजे मीच दोनदा मोजली गेले, असं वाटून मी लॅपटॉप बंद केला आणि फोनवरून तपासलं. बासष्टावं उत्तर देतच होतं. ते कुठून बोलतं ते शोधलं, तर कपाटातल्या स्विचचं, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन जुळतात त्या पेटीचं, सतरा नंबरचं भोक निघालं. त्या भोकात केबल नव्हती. वरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे लुकलुकत होता. मी त्या भोकात नख घालून पाहिलं. काय सापडणार होतं कोण जाणे.

नंबराची नक्कल करता येते. आधीच्या माणसाने काहीतरी उद्योग करून ठेवला असेल. मी पेन्सिलीने कागदावर लिहिलं: "६२, नंतर पाहू." चौदा वर्षांत मी असं कधीच लिहिलं नव्हतं. तेव्हाच छडा लावायला हवा होता.

प्रत्यक्ष बदल करायचा तो कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कुणाचं काम अडत नाही. फेब्रुवारीतला दिवस. किंजलच्या शाळेलाही गॅदरिंगनंतरची सुट्टी होती. किंजल माझी मुलगी, साडेसहा वर्षांची. घरी कुणी नव्हतं म्हणून तिला स्कूटरवर पुढ्यात उभी करून घेऊन आले.

गेटवर धर्माजीकाका होते. नवापूरचे मेहेर, होडी विकली आणि पंधरा वर्षं याच गेटवर उभे आहेत. वहीत माझं नाव लिहिताना ते किंजलकडे बघून म्हणाले, "ही कोन नवीन इंजिनेर आलीय?" किंजल लाजून माझ्या ओढणीत शिरली. तिला खाली कँटीनमध्ये राहीबाईंपाशी ठेवलं. राहीबाई डोंगराकडच्या, सुट्टीच्या दिवशी फक्त पहारेकऱ्याचा आणि बॉयलरवरच्या दोघांचा स्वयंपाक करतात. त्यांनी किंजलपुढे भिजवलेल्या वालांची परात सरकवली. "ठेवा तिला. सोलील माझ्यासंग."

"आई, तू कधी येणार?" किंजलने विचारलं.

"चार चुली मांडल्या की लगेच. तीन वाजता आपण घरी."

मी वर गेले. कार्ड लावलं, दाराचं चुंबकी कुलूप खटकन सुटलं, आत गेल्यावर मागे परत बसलं. पहिली चूल अकराच्या आत झाली. दुसरी साडेअकराला. तिसरीला वेळ लागला, कारण कॅमेरे एकेक करून हलवावे लागले. साडेअकरा ते साडेबारा एकही कॅमेरा काही टिपत नव्हता. हे मी कागदावर आधीच लिहून ठेवलं होतं.

साडेबाराला भूक लागली म्हणून खाली आले. राहीबाई भांडी विसळत होत्या.

"वाढा राहीबाई. पोटात कावळे ओरडतायत."

त्यांचा हात थांबला. "परत?"

"परत म्हणजे?"

"आत्ताच जेवलात ना. तुमचा ताट धुतला मी." त्यांनी पालथ्या घातलेल्या ताटाकडे बोट केलं. त्यावरून पाणी निथळत होतं.

"मी वर होते."

त्यांनी भात वाढला, वालाचं कालवण वाढलं. ताट माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

किंजल माझ्याकडे बघत होती. "आई, तू मगाशी माझ्याशी बोललीच नाहीस."

"कधी गं?"

"जेवताना. मी किती वाल सोलले ते तुला दाखवलं, तर तू परातीत बघितलंच नाहीस. नुसती माझ्याकडे बघत बसलीस."

मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली आणि मी त्या भीतीला रागाचे कपडे घातले. जेवण तसंच टाकून गेटवर गेले.

"काका, माझ्यानंतर कुणी बाई आत आली का?"

"नाय वो मॅडम. सुटीचा दिस. अख्ख्या कंपनीत तुमी, राहीबाय आणि ती पोर. आणि बॉयलरवर दोघं यूपीवाले."

"मी जेवायला कधी आले?"

"बाराला." धर्माजीकाकांना माझी गंमत वाटत होती. "मी तवा पानी भराया आल्तो कँटीनमदी. तुमी समोरनंच गेल्या. मी बोललो पन तुमच्याशी. तुमी काय बोलल्या नाय. म्हटला, डोक्याला कामाचा ताप हाय."

कॅमेऱ्यांत बघण्यासारखं काही नव्हतं, कारण तो तास मीच बंद ठेवला होता. जिना चढताना मी स्वतःला समजावलं. सकाळपासून पोटात काही नाही, थंड खोलीत तीन तास. माणूस यंत्रासारखा खाली जाऊन जेवून येतो आणि विसरतो. होत असेल. पण मग मला भूक का लागली होती?

वर येऊन पहिली नजर सतरा नंबरच्या दिव्याकडे गेली. लुकलुकत होता.

आता याला नंतर पाहायचं नव्हतं. मी नियम लिहिला: या नंबराचं जे कुणी असेल त्याला अडगळीत टाक. नंबर माझ्या लॅपटॉपचाही होता, हे मला कळत होतं. पण माझा लॅपटॉप एक नंबरच्या भोकात होता, आणि ते भोक मी सकाळीच अशा नियमांतून वगळून ठेवलं होतं. म्हणजे नियम मला लागणार नव्हता, फक्त त्याला लागणार होता. कागदावर हे बरोबर होतं. मी नंतर कितीतरी वेळा तपासलंय, अजूनही बरोबर आहे.

एक वाजून वीस मिनिटांनी नियम चालू केला. सतरा नंबरचा दिवा विझला. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने "बस आता तिथेच" म्हणाले.

थोड्या वेळाने काहीतरी कमी आहे असं जाणवलं. काय ते कळायला वेळ लागला. वास नव्हता. जळका गूळ नाही, नेलपॉलिश नाही, काहीच नाही. कारखाना बंद आहे, वारा फिरला असेल, असं म्हणून मी कामाला लागले. मग लक्षात आलं की रस्त्यावरच्या टँकरांचा आवाजही येत नाहीये. एसीचा आवाज होता, सर्व्हरच्या पंख्यांचा होता. त्याच्या बाहेरचा कुठलाच नव्हता. दार उघडून बघावंसं वाटलं, पण अर्ध्या कामातून उठायचं नाही हा माझाच नियम. शिवाय तीन वाजता निघायचं होतं.

चौथी चूल उरली होती, चावीची. ही सगळ्यात धोक्याची, कारण ज्या वाटेने तुम्ही हुकूम देता तीच वाट हलवायची असते. जरा चुकलं की स्वतःच बाहेर पडता. म्हणून आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. हुकूम देण्याआधी स्विचला सांगून ठेवायचं: दहा मिनिटांत मी होकार दिला नाही तर समज की माझी वाट तुटली, आणि सगळं पहिल्यासारखं कर. सगळं म्हणजे सकाळपासून केलेलं सगळं. दिवस वाया जातो, पण माणूस परत आत येतो. शिवाय मी माझ्या पदरचा एक नियम घातला होता: चावीच्या नेटवर्कात एका वेळी एकच जण. दोघांनी एकदम हात घातला तर घोटाळा होतो. मोठ्या कौतुकाने घातला होता मी तो.

दोन एक्केचाळीसला दहा मिनिटांचा गजर लावला. हुकूम दिला.

पडदा थिजला.

वाट तुटली होती. चिडचिड झाली, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. गजर स्विचच्या छोट्या पट्टीवर उलटा धावत होता. नऊ मिनिटं तीस सेकंद. नुसतं बसून राहायचं होतं.

तेवढ्यात खाली जाऊन किंजलला बघून येऊ म्हटलं. दाराचं बटण दाबलं. खटका वाजला नाही. कार्ड लावलं, तरी नाही. दारं तिसऱ्या चुलीवर आहेत, काहीतरी अडलं असेल. फोन काढला. रेंज नव्हती. दारावर हात मारला. लोखंडी दार, पण आवाज उशीवर मारल्यासारखा बसला. पुन्हा मारला. "काका!" म्हणून ओरडले. माझा आवाज त्या दहा बाय आठमध्ये माझ्याच कानांशी येऊन थांबला.

आठ मिनिटं.

कॅमेऱ्यांचा पडदा कपाटाच्या बाजूला होता, तो चालू होता. कँटीनच्या चौकटीत किंजल बाकावर पाय हलवत बसली होती. तिला पाहिल्यावर जिवात जीव आला. राहीबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं होतं तसं होतं.

जिन्याच्या चौकटीत धर्माजीकाका दिसले. वर येत होते. माझं दार ठोकणं ऐकलं असणार, मला वाटलं. मी दाराला तोंड लावून सांगितलं, "काका, तुमचं कार्ड लावा. आतून उघडत नाहीये."

पडद्यावर त्यांनी कार्ड लावलं. पडद्यावर दार उघडलं.

माझ्यासमोरचं दार बंद होतं.

पडद्यावर धर्माजीकाका सर्व्हर रूममध्ये आले. चौकटीत कपाट दिसत होतं, टेबल दिसत होतं, माझी खुर्ची दिसत होती. मी नव्हते. काका चार पावलं चालून आले आणि मी जिथे उभी होते तिथे उभे राहिले. टेबलावरची माझी पाण्याची बाटली त्यांनी उचलली, हलवून पाहिली, बगलेत धरली. मी टेबलाकडे पाहिलं. बाटली जागेवर होती. तिला हात लावला, तर थंड होती, ओली होती.

काका दिवा मालवून गेले. पडद्यावरची खोली अंधारली. माझ्या खोलीत ट्यूबलाइट चालूच होती.

सहा मिनिटं.

मी स्वतःला म्हटलं, गजर. गजर वाजू दे. तो नियम जाईल, अडगळ जाईल, सगळं सकाळसारखं होईल. तोवर रडायचं नाही.

पण बसवेना. स्विचला सरळ बोलायची एक निळी केबल माझ्या पिशवीत कायम असते. तिला नेटवर्क लागत नाही. ती जोडली, नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. उत्तर इंग्रजीत आलं. अर्थ एवढाच:

"हेमाली आधीच आत आहे. ठिकाण: कँटीन."

मी पडद्याकडे वळले.

कँटीनच्या टेबलाशी एक बाई पाठमोरी बसली होती. अंगात हिरवा कुडता, माझा. वेणी माझ्यासारखी, एका बाजूला घेतलेली. धर्माजीकाकांनी बाटली तिच्यासमोर ठेवली. तिच्यापुढे लॅपटॉप उघडा होता. माझाही माझ्यापुढे उघडा होता.

चार मिनिटं.

मी स्विचच्या केबली ओढल्या. एकेक नाही, मुठीने. सगळे दिवे लुकलुकत राहिले.

मी भिंतीतला मोठा प्लग काढला. पंखे फिरत राहिले.

कपाट दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. ते हललं. पडद्यावरचं कपाट उभं होतं.

दोन मिनिटं.

किंजल बाकावरून उतरली आणि त्या बाईजवळ गेली. जवळ गेली, पण टेकली नाही. एक हात अंतर ठेवून उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मी पडद्यावर दोन्ही तळहात आपटले. "किंजू, ती मी नाहीये. राहीबाई, पोरीला घ्या. कुणीतरी पोरीला घ्या."

राहीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर करत नव्हत्या.

एक मिनिट.

चाळीस सेकंद.

बाईने लॅपटॉपवर एक शब्द लिहिला. छोटा शब्द. होकाराचा शब्द छोटाच असतो.

गजर वीस सेकंदांवर थांबला. पट्टीवर आलं: "बदल कायम केले. होकार: हेमाली."

तीन वाजता ती गेली. मी किंजलला तीनच सांगितले होते. गेटच्या चौकटीत धर्माजीकाकांनी वहीत वेळ लिहिली. किंजल स्कूटरवर पुढे उभी राहिली. बाईने तिच्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा लावला, नीट, कातडी न चिमटता. मला ते कधी जमलं नाही.

त्यानंतर किती दिवस झाले ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवरून कळतं. इथे अडगळीत त्याचा काही उपयोग नाही. भूक लागत नाही. बाटलीतलं पाणी पिते, ते कमी होत नाही. झोप येते की नाही ते सांगता येत नाही. दार रोज ठोकते. रोज म्हणजे तारीख बदलली की.

लिहिता मात्र येतं. प्रत्येक आभासी यंत्राच्या खाली नोंदींसाठी एक रिकामी चौकट असते. तिथे हे लिहितेय. कुठे साठतं, कुणाला दिसतं, माहीत नाही. दिसलं तरी नोंदी कुणी वाचत नाही, हे मला माझ्याच धंद्यावरून माहीत आहे.

ती तीन महिन्यांनी एकदा येते, देखभालीच्या करारावर. काम चांगलं करते, हे कबूल करायला हवं. मितेशभाई तिच्यावर खूश आहेत. मागच्या खेपेला त्यांनी पेढे दिले. जूनमध्ये नवरा जहाजावरून घरी आला असणार. त्याला काही कळलं नसणार. मला ते तेव्हाही सहन झालं नाही, आता लिहितानाही होत नाही.

काल ती तिसऱ्यांदा आली. किंजल बरोबर होती. दिवाळीची सुट्टी असावी. किंजल उंच झालीये. कँटीनच्या बाकावर बसून ती रंगवत होती, आणि मी पडद्याला नाक लावून तासभर तिला बघत होते. काय रंगवतेय ते दिसत नव्हतं. निळा खडू जास्त वापरत होती.

मग ती बाई कँटीनच्या दारात येऊन उभी राहिली. कॅमेऱ्याला आवाज नाही, ओठांवरून कळतं. किंजलला उठवायचं तर मला पाच हाका माराव्या लागायच्या. पाचवीला ओरडायची मी, आणि तरी ती हातातलं पूर्ण करूनच उठायची, वर मला वेडावून दाखवायची.

बाईचे ओठ एकदाच हलले. किंजलने निळा खडू अर्ध्या रेघेवर सोडला, उभी राहिली आणि दोन्ही हात अंगाशी चिकटवून चालू लागली.